पाम तुमाकत : टोमॅटो चोळलेला कॅटलान पाव

सायली_ग्रासिया

बार्सिलोनाला राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी बेल वाजवली आणि एक ताटली माझ्या हातात दिली. जाड कापलेला, भाजलेला पाव, त्यावर फिकट लाल ओल, तेलाची चमक आणि मिठाचे चार खडे. मला वाटलं, वर काहीतरी ठेवायचं राहिलंय. एक घास घेतला आणि दारातच उभ्याउभ्या दोन्ही तुकडे संपवले.

याला इथल्या कॅटलान भाषेत 'पा आम्ब तुमाकत' म्हणतात, म्हणजे टोमॅटोसोबत पाव. बोलताना त्याचं 'पाम तुमाकत' होतं. स्पेनच्या इतर भागांत ऐकणाऱ्यांनी त्याचं 'पान्तुमाका' करून टाकलं, आणि साध्या स्पॅनिशमध्ये ते 'पान कोन तोमाते'. पाव, टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मीठ. हवी तर लसूण. एवढंच. पण चारच गोष्टी असल्यामुळे त्यातली एकही कमअस्सल चालत नाही, आणि नेमकं तेच आपल्याकडे करताना सुटतं असं मला दिसलंय. म्हणून हा धागा.

चार जणांसाठी:
पावाचे ४ जाड काप (साधारण दीड सेंटीमीटर)
पूर्ण पिकलेले, रसाळ २ टोमॅटो
लसणाची १ पाकळी (ऐच्छिक)
एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, प्रत्येक कापाला एक मोठा चमचा
जाडं मीठ

पाव तव्यावर किंवा जाळीवर दोन्ही बाजूंनी भाजायचा. वरून खडबडीत आणि कडक, आत मऊ राहिला पाहिजे. लसूण हवी असेल तर पाकळी अर्धी कापून गरम पावावर एकदाच फिरवायची. टोमॅटो आडवा कापायचा, देठाकडून उभा नाही. आडवा कापला की बियांचे सगळे कप्पे उघडे पडतात. आता कापलेली बाजू पावावर दाबून गोल गोल चोळायची. भाजलेला पाव इथे खिसणीचं काम करतो: गर त्यात अडकतो, रस आत मुरतो, आणि शेवटी हातात नुसती साल उरते, पातळ आणि चुरगळलेली. ती साल दिसली की थांबायचं. मग मीठ, आणि सगळ्यात शेवटी तेल.

मीठ आधी का, तर ते टोमॅटोच्या रसात विरघळतं. तेलात मीठ विरघळत नाही. तेल आधी घातलंत तर मिठाचे खडे वर तसेच बसून राहतात.

लगेच खायचं. दहा मिनिटांनी पाव लिबलिबीत होतो.

तिखटमीठ

वा! हे इटालियन ब्रुशेटाच ना? त्यात पण लसूण चोळतात.

सायली_ग्रासिया

भावंडं आहेत, पण वेगळी. ब्रुशेटात टोमॅटोचे तुकडे करून वर रचतात, तुळशीसारखी बेझिलची पानं घालतात. इथे टोमॅटो पावाच्या आत जातो. ताटलीत पाहिलं तर टोमॅटो दिसतसुद्धा नाही, नुसता रंग दिसतो. माल्टातही असा पाव आहे, 'होब्झ बिझ-झेइत', म्हणजे तेलाचा पाव. तिथेही टोमॅटो चोळतात, पण मग वर केपर्स (खारवलेल्या कळ्या), ट्यूना वगैरे पुष्कळ चढवतात. आणि मायोर्का बेटावर याच पावाला 'पाम्ब ओली' म्हणतात, पाव आणि तेल. नावात टोमॅटो नाही, पावावर असतो.

केतकी_कोथरूड

मागच्या महिन्यात इथल्या एका कॅफेत स्पॅनिश टोमॅटो टोस्ट म्हणून मागवला. सॅंडविच ब्रेडवर घट्ट टोमॅटोची पेस्ट, त्यावर ओरेगॅनो आणि चीज. पिझ्झा सॉसची चव. साडेतीनशे रुपये. तुझं वर्णन वाचून कळलं की मी तो पदार्थ अजून खाल्लेलाच नाही. उद्याच करते.

पोदेराची_गल्ली

सायली, पावाचं सांग ना जरा सविस्तर. आमच्या म्हापशाला सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, पोई (कोंड्याचा चपटा पाव) आणि उंडे (कडक कवचाचे गोल पाव) घेऊन. सॉरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा विदेशी पाव, शोधत फिरायची माझी तयारी नाही.

सायली_ग्रासिया

पोदेर दारात येत असेल तर सॉरडो शोधायची गरजच नाही! इथला पारंपरिक पाव म्हणजे 'पा दे पाझेस', शेतकऱ्याचा पाव. मोठा, गोल, जाड कवचाचा, आतून मोकळ्या भोकांचा. एकदा आणला की घरात दोन-तीन दिवस पुरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचाच पाव यासाठी चांगला असं आजी म्हणतात, कारण ताजा पाव चोळताना फाटतो. ही सगळी कृती मुळात वाळत चाललेला पाव पुन्हा ओला करून खाण्याची आहे. हॉटेलांत हल्ली 'कोका' किंवा काचपाव वापरतात, पातळ आणि इतका पोकळ की दाताखाली चुरचुरतो. तो छान लागतो, पण घरात पा दे पाझेसच.

उंडो घे. कालचा असला तर उत्तम. आडवा कापून कापलेली बाजू भाज.

पोदेराची_गल्ली

आणि पोईचं काय? ती आतून पोकळ असते.

सायली_ग्रासिया

मी पोईवर कधी केलेलं नाही. पण कडेने उघडून आतली बाजू खमंग भाजलीस तर ती खरखरीत होईल, आणि कोंड्याचा वास ऑलिव्ह तेलाबरोबर जुळेल असं वाटतं. करून सांग.

आजोळ

शिळ्या पावाचं वाचून आमच्या आजीची आठवण आली. शिळी ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर कडक करायची, त्यावर कच्चं तेल, तिखट-मीठ, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. टोमॅटोच्या दिवसांत हाताने टोमॅटो पिळायची वरून. तुम्ही लिहिलंत ते वाचताना जिभेवर तीच चव आली. जगभर बायकांनी शिळ्या भाकरीला असंच सांभाळून घेतलंय.

सायली_ग्रासिया

आजोळ, काय सुंदर लिहिलंत. शेजारच्या आजींना हे सांगणार आहे. त्यांना सगळी इमारत 'याया' म्हणते, कॅटलानमध्ये आजी. त्यांना भाकरी माहीत आहे, माझ्या हातची खाल्ली आहे त्यांनी.

रानवारा

पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'पाँव'वरून आला, आणि कॅटलान 'पा', स्पॅनिश 'पान' ही त्याचीच भावंडं. सगळी लॅटिन 'पानिस'ची लेकरं. टोमॅटोचा प्रवास उलटा: मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला 'तोमात्ल' स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात उचलला, आणि तिथून तो जगभर गेला. म्हणजे या एका पदार्थाच्या नावात अटलांटिक महासागराचे दोन्ही किनारे आहेत.

हा पदार्थ किती जुना आहे पण? टोमॅटो युरोपात उशिरा रुळला ना?

सायली_ग्रासिया

रानवारा, हो, टोमॅटो आला सोळाव्या शतकात, पण रोजच्या जेवणात बसायला त्याला बराच काळ लागला. या पदार्थाचा पहिला लेखी उल्लेख १८८४ चा सांगतात, पोम्पेउ जेनेर या बार्सिलोनाच्या लेखकाचा. खेड्यांत तो त्याआधीपासून असणारच, कागदावर उशिरा आला.

एक गोष्ट इथे पुष्कळ जण सांगतात, की १९२० च्या दशकात बार्सिलोनाची मेट्रो खणायला मुर्सियाहून मजूर आले, त्यांनी रुळांच्या कडेला टोमॅटो लावले आणि कोरडा पाव त्याने मऊ करून खाल्ला, तिथून हा पदार्थ आला. मेट्रो सुरू झाली १९२४ मध्ये. चाळीस वर्षं आधीचा उल्लेख असताना ही गोष्ट टिकत नाही. पण मजुरांनी असा पाव खाल्ला नसेल असं मी म्हणणार नाही. कष्टाच्या माणसाचं जेवण आहेच ते.

शिवनेरी_पायथा

मी टोमॅटो उत्पादक. नारायणगावच्या बाजारात माल घालतो. ताई, तुम्ही 'रसाळ टोमॅटो' लिहिलंत तिथेच खरी अडचण आहे. आम्ही जो लावतो तो संकरित, साल जाड, गर घट्ट, कारण त्याला क्रेटमध्ये बसून दिल्लीपर्यंत जायचं असतं. तो अर्धा कच्चा असतानाच तोडावा लागतो. तुमच्यासारखा चोळला तर पावावर काही उतरणार नाही, हातात गोळा राहील. यात शेतकऱ्याची चूक नाही. रसाळ टोमॅटो बाजारात पोचेपर्यंत फुटतो आणि भाव पडतो.

घरी खायला आम्ही बांधाला गावठीची चार रोपं ठेवतो. चपटा, वळ्या असलेला, आंबट. तो मिळाला तर घ्या. आठवडी बाजारात म्हाताऱ्या बायका वाट्यावर विकतात.

सायली_ग्रासिया

दादा, धाग्यातली ही सगळ्यात कामाची माहिती. मनापासून आभार. इथे यासाठी वेगळाच टोमॅटो असतो, आणि तुम्हाला त्यात रस वाटेल म्हणून सविस्तर लिहिते.

त्याला 'तुमाकत दे पेन्झा' म्हणतात, टांगायचा टोमॅटो. मायोर्कात 'रामायेत'. लहान, लिंबापेक्षा थोडा मोठा, रंगाने फिकट. उन्हाळ्याच्या शेवटी तोडतात, देठांत सुतळी ओवून घोस करतात आणि हवेशीर सावलीत टांगतात. आपल्याकडे कांद्यालसणाच्या माळा टांगतात ना, अगदी तशा. ते हिवाळाभर टिकतात. या जातीत पिकण्याचा वेग मंदावणारा जनुकीय बदल आहे, म्हणून तोडल्यावर ते हळूहळू पिकत राहतात पण सडत नाहीत. पाणीही कमी लागतं त्यांना. साल जाड, पण आत सगळा पातळ गर. कापून चोळला की दोन फेऱ्यांत रिकामा. सॅलडमध्ये हा टोमॅटो कुणी घालत नाही, तो फक्त पावासाठी. यायांच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारी खिळ्याला डिसेंबरात घोस लटकलेला असतो, आणि खालचा सगळ्यात सुरकुतलेला टोमॅटो त्या आधी तोडतात.

शिवनेरी_पायथा

थंड साठवणीशिवाय हिवाळाभर? बिया मिळतील का ताई?

सायली_ग्रासिया

बिया परदेशातून आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, त्यामुळे मी बॅगेत टाकून आणणार नाही. पण कृषी विद्यापीठात कुणाशी ओळख असेल तर या जातीबद्दल जरूर विचारा. तिकडच्या उन्हात आणि पावसात त्याचं काय होईल ते तेच सांगू शकतील.

केतकी_कोथरूड

केलं. फसलं. लादी पाव घेतला होता, घरात तोच होता. भाजला तरी टोमॅटो लावताच बसला, पार लगदा. आणि टोमॅटो शिवनेरी_पायथा म्हणतात तसाच, नुसता घसरत होता. पण तेल-मीठ-टोमॅटो ही चव जिभेवर आली तेवढ्यात कळलं की इथे काहीतरी आहे. सोडणार नाही.

तिखटमीठ

लादी पाव मिसळीसाठी. तो रस्सा पिण्यासाठीच मऊ केलेला असतो. तू ब्रून घे, इराण्याकडचा. कडक पाव म्हणतात तोच. कवच कडक, आत हलका.

सायली_ग्रासिया

ब्रूनला शंभर टक्के अनुमोदन. आणि टोमॅटो संकरितच असेल तर चोळायच्या भानगडीत पडू नकोस. दक्षिणेकडे आंदालुसियात करतात तसं कर: टोमॅटो आडवा कापून मोठ्या भोकाच्या खिसणीवर खिस, साल हातात राहील. खिस गाळणीत पाच मिनिटं ठेव, जास्तीचं पाणी निथळू दे. मग चमच्याने पावावर पसर. तिकडे हा सकाळचा नाश्ता असतो, 'तोस्तादा कोन तोमाते', कॉफीबरोबर. तिथल्या अंतेकेरा गावचे 'मोयेते' नावाचे मऊ गोल पाव त्यासाठी प्रसिद्ध आहेत. कॅटलान माणसाला विचारलंस तर तो म्हणेल हे पाम तुमाकत नव्हे. नसू दे, चव खरी आहे.

फक्त बिया आणि त्यांच्याभोवतीचा चिकट गर टाकू नकोस. टोमॅटोची रुची देणारं ग्लुटामेट बाहेरच्या घट्ट गरापेक्षा तिथे जास्त असतं.

आणि टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवले होतेस का?

केतकी_कोथरूड

हो, दोन दिवस.

सायली_ग्रासिया

तेही कारण. बारा-तेरा अंशांच्या खाली टोमॅटोचा सुगंध तयार होणं मंदावतं. ओट्यावर, देठाची बाजू खाली करून ठेव. अर्धे कच्चे आणलेस तर तीन-चार दिवसांत चांगले लाल होतील.

आजोळ

तेलाबद्दल विचारू का? ऑलिव्ह तेल आमच्याकडे नातवाच्या मालिशपुरतंच येतं. घाण्याचं शेंगदाणा तेल चालेल?

सायली_ग्रासिया

आजोळ, चालेल, आणि चांगलंही लागेल, पण मग तो तुमच्या आजीच्या भाकरीच्या घरचा पदार्थ होईल. इथल्या पावाला ऑलिव्ह तेलाचा किंचित कडवटपणा आणि घशात येणारी झणझण लागते. आम्ही वापरतो ते आर्बेकिना जातीच्या लहान ऑलिव्हचं, ल्येइदा शहराजवळच्या लेस गारिगेस भागातलं. ते त्यातल्या त्यात सौम्य असतं.

बाटली घेताना मात्र एक बघा. आपल्याकडे दुकानात 'पोमेस' आणि 'लाइट' लिहिलेली तेलं स्वस्त मिळतात. पोमेस म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यातून रसायनाने काढून शुद्ध केलेलं. तळायला ठीक, पण त्याला वास नाही, चव नाही. इथे तेल कच्चंच खायचं आहे, त्यामुळे 'एक्स्ट्रा व्हर्जिन' हेच शब्द हवेत. लहान बाटली घ्या, गडद काचेची, आणि गॅसपासून लांब ठेवा.

रानवारा

लसणाबद्दल तिथे मतभेद आहेत का? तू 'ऐच्छिक' लिहिलंस.

सायली_ग्रासिया

आहेत, आणि लोक मनापासून भांडतात. यायांच्या घरी लसूण नाही. त्यांच्या सुनेच्या माहेरी आहे. माझं मत: टोमॅटो उत्तम असेल तर लसूण नको, ती त्याच्या पुढे पुढे करते. टोमॅटो बेताचा असेल तर लसणाचा एक हात फिरवावा. निखाऱ्यावर मांस भाजणाऱ्या खानावळींत तर भाजलेला पाव, अख्खे टोमॅटो, लसणाचा गड्डा, तेल आणि मीठ असं सगळं टेबलावर आणून ठेवतात. ज्याचं त्याने चोळून घ्यायचं. मला ते फार आवडतं. बोलता बोलता सगळ्यांचे हात लाल झालेले असतात.

मोरपीस

याच्यावर शाकाहारी काय घालता येईल? सगळीकडे हॅमचेच फोटो दिसले.

सायली_ग्रासिया

नुसताच पूर्ण पदार्थ आहे तो. बरोबर हॅम, फुएत नावाचं वाळवलेलं सॉसेज किंवा लेस्काला गावच्या खारवलेल्या अँचोव्ही (लहान मासे) खातात हे खरं. मांचेगो चीजही खातात, पण पारंपरिक मांचेगोत प्राणिज रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते, जनावराच्या जठरातलं) असू शकतं, लेबल वाचून घे.

तुझ्यासाठी 'एस्कालिवादा'. वांगी, लाल ढोबळी मिरची आणि कांदा निखाऱ्यावर अख्खे भाजायचे, साल काढून हाताने लांब पट्ट्या करायच्या, वर तेल-मीठ. भरीत ठेचतात, हे फाडतात, एवढाच फरक. टोमॅटो चोळलेल्या पावावर या पट्ट्या ठेवल्या की जेवण झालं. आपलं वांगं यात इथल्या वांग्यापेक्षा गोड लागतं, मी पुण्याला गेले होते तेव्हा आईकडे करून बघितलंय.

मोरपीस

भरताचं वांगं घरात आहे! आणि मुलीच्या डब्यात देता येईल का?

सायली_ग्रासिया

इथे मुलांच्या डब्यात रोजच असतं. सॅंडविच करताना लोणी लावतात ना, तिथे टोमॅटो चोळतात, मग मध्ये चीज किंवा आम्लेट. पण तेव्हा पाव भाजायचा नाही आणि टोमॅटो हलकाच फिरवायचा, दुपारपर्यंत तो बरोबर मुरतो.

पोदेराची_गल्ली

पोईवर केलं. उघडून आतली बाजू तव्यावर दाबून भाजली. शेजारणीच्या परसातले आंबट टोमॅटो होते. सायली, टोमॅटो पोईच्या कोंड्यात इतका छान मुरला! पण पोई पातळ, त्यामुळे तेल खालून हातावर उतरलं. नवऱ्याने उंड्यावर केलं, त्याचं बरोबर जमलं. आता आमच्याकडे दोन पक्ष आहेत.

केतकी_कोथरूड

दुसरा प्रयत्न. कॅम्पातून ब्रून आणला, एक दिवस कागदी पिशवीत तसाच ठेवला. मंडईत एका मावशींकडे गावठी टोमॅटो दिसले, अर्धा किलो घेतले, ओट्यावर ठेवले. आज सकाळी पाव जाळीवर भाजला आणि चोळायला घेतला. खरखर आवाज आला! दुसऱ्या फेरीला रस आत गेला, तिसरीला हातात नुसती साल. मीठ, मग तेल. बाबा पेपर वाचत होते. ताटली पुढे सरकवली तर म्हणाले, "यावर काय लावलंयस?" म्हटलं, टोमॅटो. तर पाव उलटा करून बघितला त्यांनी, टोमॅटो कुठे गेला म्हणून.

चार काप केले होते. तीन त्यांनी खाल्ले.

शिवनेरी_पायथा

केतकीताई, ती मावशी रविवारी पण बसत असेल तर सांगा, आमच्या बांधावरचे गावठी मी तिला पाठवून देतो. घरात खाऊन उरतायत.

केतकी_कोथरूड

दादा, रविवारी सकाळी जाऊन विचारते आणि इथेच लिहिते.